गोव्यातल्या छोट्या व्यवसायांसाठी गूगल आणि ऑनलाइन जाहिरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, म्हापसा, पेडणे या भागांतल्या दुकानदारांची, खोल्या भाड्याने देणाऱ्यांची, खानावळवाल्यांची आणि कुळागरवाल्यांची (म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा असलेल्यांची) वेबसाइटची नि गूगलची कामं मी करते. पहिल्या भेटीत येणारे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. कुणाला पैसे देण्याआधी हे वाचा. यातलं निम्मं काम तुम्हाला घरबसल्या स्वतः करता येईल.

एसईओ म्हणजे नेमकं काय?

गिऱ्हाईक गूगलवर काही शोधतं तेव्हा जाहिरातीचे पैसे न भरता तुमचं नाव त्याच्यासमोर यावं, यासाठी केलेली कामं म्हणजे एसईओ. मोबाइलवर 'फोंड्यात एसी दुरुस्ती' असं टाकून बघा. वर 'प्रायोजित' असं लिहिलेल्या जाहिराती दिसतील, मग नकाशा आणि त्याच्याखाली दोन-तीन व्यवसाय, मग साध्या लिंका. जाहिरातीची जागा विकत मिळते. नकाशातली आणि लिंकांमधली, 'प्रायोजित' असं न लिहिलेली जागा गूगल कुणालाही विकत देत नाही. हा एक फरक पक्का लक्षात ठेवलात तर पुढे बरीच फसवणूक टळेल.

आमची वेबसाइट नाही. सुरुवात कुठून करू?

गूगल बिझनेस प्रोफाइलपासून, म्हणजे नकाशात तुमचं नाव, पत्ता, फोन आणि वेळा दाखवणाऱ्या गूगलवरच्या नोंदीपासून. २०२१ पर्यंत याला गूगल माय बिझनेस म्हणत, म्हणून जुनी माणसं अजून तेच नाव घेतात. ते फुकट आहे आणि कायम फुकटच असतं. फोंड्यातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाला, शिंप्याला, पिठाच्या गिरणीला पहिल्या वर्षी वेबसाइटची गरजच नसते. हे प्रोफाइल नीट भरलं तरी फोन वाजायला लागतो.

नकाशात कोण वर येणार हे ठरवताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा व्यवसाय किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात, आणि तुम्ही किती परिचित आहात. अंतर तुमच्या हातात नाही. बाकीच्या दोन गोष्टी आहेत.

जुळण्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा तो व्यवसायाचा प्रकार. 'रेस्टॉरंट' असा मोघम प्रकार निवडू नका. यादीत 'सीफूड रेस्टॉरंट' असेल आणि तुमच्याकडे माशाची थाळी मिळत असेल तर तो घ्या. मात्र व्यवसायाच्या नावात शब्द कोंबू नका. फलकावर जे नाव आहे तेच प्रोफाइलवर हवं. 'अमुक खानावळ गोव्यातील सर्वोत्तम फिश थाळी फोंडा' असं नाव दिलं तर कुणी तक्रार केली की प्रोफाइल बंद पडू शकतं, आणि ते पुन्हा चालू करून घेण्यात आठवडे जातात.

व्यवसाय खरा आणि तुमचाच आहे याची खात्री पटवण्यासाठी हल्ली गूगल बहुतेकदा व्हिडिओ मागतं. न थांबवता एकाच दमात चित्रीकरण करायचं: आधी रस्ता आणि शेजारची एखादी ओळखीची खूण, मग तुमचा फलक, मग कुलूप उघडून आत जाऊन गल्ला, शेगडी, यंत्र, जे काही व्यवसायाचं असेल ते. फलक नसेल तर आधी फलक लावा.

पत्ता लिहूनही लोक भलतीकडे का पोचतात?

कारण आपल्या गावांतल्या पत्त्यांना रस्त्याचं नाव नसतं. घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका आणि ४०३ ने सुरू होणारा पिन कोड. टपालवाल्याला तेवढं पुरतं, गाडीतल्या माणसाला पुरत नाही. वाड्याचं नाव नकाशाला कळलं नाही तर तो खूण गावाच्या मध्यावर कुठेतरी ठेवून देतो.

माझ्या भावाच्या चार खोल्या आहेत, प्रियोळ भागात. पहिल्या वर्षी एका शनिवारी रात्री साडेदहाला बेळगावहून निघालेलं कुटुंब 'पोचलो' म्हणून फोन करत होतं. आजी, दोन लहान मुलं, सामानाने भरलेली गाडी. नकाशाने त्यांना डोंगराच्या पलीकडच्या बाजूला, एका कुळागराच्या फाटकापाशी नेऊन सोडलं होतं. पुढे गाडी जाणारी वाट नाही, मागे वळवायला जागा नाही, आणि पावसाचं पाणी ओहोळातून रस्त्यावर आलेलं. भाऊ विजेरी घेऊन चालत गेला, त्याने गाडी हळूहळू मागे काढून दिली. आजींनी दुसऱ्या दिवशी काही बोलून दाखवलं नाही, पण मला आजही ती रात्र आठवली की वाईट वाटतं. चूक आमची होती. नकाशावरची खूण आम्ही एकदाही स्वतः तपासली नव्हती.

म्हणून खूण घरी बसून ठेवू नका. दारात, गाडी लागते त्या जागी उभे राहा, उपग्रहाचं चित्र चालू करा, छप्पर ओळखा आणि खूण हाताने तिथे सरकवा. मग गावाबाहेरच्या एखाद्या माणसाला पेट्रोल पंपापासून फक्त नकाशावर विसंबून यायला सांगा. त्या नेमक्या जागेचा प्लस कोड नावाचा छोटा कोड नकाशात मिळतो. तो पाहुण्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. एक फोटो वळणाचा टाका, जिथे लोक हमखास चुकतात.

गावाचं नाव कसं लिहायचं? आपण एक म्हणतो, इंग्रजीत भलतंच असतं.

आमच्या प्रांतातला हा खास प्रश्न आहे. पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं अजून फलकांवर, नकाशावर, तिकिटांवर आहेत. म्हापसा इंग्रजीत 'मापुसा' होतं, डिचोली 'बिचोलिम', पेडणे 'पेर्नेम', केपे 'क्वेपेम', वाळपई 'वालपॉय', काणकोण 'कानाकोना'. हरमलचं तर 'अरंबोल' होतं. पुण्याहून आलेला पर्यटक हरमलच्या किनाऱ्यावर उभा असला तरी हरमल म्हणजेच अरंबोल हे त्याला ठाऊक नसतं. पणजीला अर्धे लोक 'पंजिम' म्हणूनच शोधतात.

गूगलला यातली बरीचशी जोडनावं कळतात, पण त्याच्यावर सगळं सोडू नका. इंग्रजी पानावर अधिकृत स्पेलिंग ठेवा आणि मजकुरात एकदा, सहज बोलल्यासारखं, दुसरं नावही येऊ द्या: 'अरंबोल, ज्याला आम्ही हरमल म्हणतो.' पानाच्या तळाशी सगळी स्पेलिंगं ओळीने लिहून ठेवणं हा जुना खुळचट उपाय आहे, त्याने नुकसानच होतं. फलक, प्रोफाइल, फेसबुक आणि बिल या चारही ठिकाणी मात्र नाव, पत्ता आणि फोन अक्षरशः सारखे असले पाहिजेत.

लोक कोणते शब्द टाकून शोधतात, हे कसं कळणार?

गल्ल्यावर बसून कळतं. खरंच. गिऱ्हाईक फोनवर जो पहिला शब्द उच्चारतं तोच ते गूगलमध्ये टाकतं.

उदाहरण देते. केरीच्या एका बाईंनी घरगुती सोलं विकायला काढली. पानावर सगळीकडे 'सोलां' लिहिलं होतं, कारण आपण तेच म्हणतो. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक 'आमसूल' किंवा 'कोकम' शोधतं. बंगळुरूचं इंग्रजीत 'ड्राय कोकम' टाकतं. आणि कोकमाचा मिठाचा रस हवा असलेला माणूस 'आगळ' शोधतो, तर सरबत करणाऱ्याला 'कोकम सिरप' हवं असतं; या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांना वेगळी पानं हवीत. आम्ही प्रत्येक वस्तूला तिची दोन-तीन नावं दिली, कशी वाळवतात ते चार ओळींत लिहिलं, पावशेराला किती आणि कधीपर्यंत टिकतात ते सांगितलं. एवढंच केलं. बाईंना 'आमसूल घरगुती गोवा' असं शोधून आलेली पहिली ऑर्डर ठाण्याहून मिळाली.

मानकुराद आंब्याचंही तसंच आहे, त्याची इंग्रजी स्पेलिंगं तीन-चार तऱ्हांनी लिहिली जातात. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरचे लोकही नावाने शोधू लागले आहेत.

गूगलच्या चौकटीत शब्द टाकताना खाली ज्या सूचना उमटतात त्या वाचा. पानाच्या तळाशी 'संबंधित शोध' असतात तेही. आणि वेबसाइट असेल तर गूगलचं सर्च कन्सोल जोडा. ते फुकट असतं आणि लोक काय टाकून तुमच्यापर्यंत आले ते बरेचसे शब्द दाखवतं. काही ठिकाणी विकत मिळणाऱ्या 'कीवर्ड याद्या' मला फोंड्याच्या बाजारासाठी कधीच उपयोगी पडल्या नाहीत.

वेबसाइट मराठीत असावी, कोकणीत की इंग्रजीत?

तुमचं गिऱ्हाईक कोण यावर ते ठरतं. हणजूणला विदेशी पर्यटकांना स्कूटर भाड्याने देणाऱ्याने मराठी पानावर वेळ घालवू नये. पण मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी, बांदिवडे या पट्ट्यात ज्यांच्या खोल्या, खानावळी, टॅक्सी आहेत त्यांनी मराठी पान केलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

का ते सांगते. महाराष्ट्रातून आणि बेळगाव-कारवारकडून कुलदैवताला येणारी कुटुंबं वर्षभर येतात. त्यांना समुद्रकिनाऱ्याशी देणंघेणं नसतं. त्यांचे प्रश्न वेगळे असतात: देवळापासून चालत जाता येईल का, आजोबांना जिना चढावा लागेल का, सकाळी अभिषेकाला जायचं तर गरम पाणी किती वाजता मिळेल, शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो का, लग्नानंतर नवीन जोडपं आणि दहा माणसं एकत्र राहू शकतील का. फोंड्याला रेल्वे स्टेशन नाही, मग करमळीला उतरावं की मडगावला? ही माहिती इंग्रजी पानांवर सापडत नाही, आणि हॉटेल बुकिंगच्या मोठ्या साइटवर तर मुळीच नाही. ज्याने ही उत्तरं साध्या मराठीत लिहिली त्याच्या पानाला स्पर्धाच कमी. देवस्थानच्या वेळा मात्र अंदाजाने लिहू नका. देवस्थानाकडून विचारून घ्या आणि त्या बदलल्या की पान बदला.

दोन भाषा ठेवायच्या असतील तर प्रत्येक भाषेचं पान वेगळं ठेवा. एकाच पानावर अर्धा परिच्छेद मराठी, अर्धा इंग्रजी अशी खिचडी नको. यंत्राने केलेलं भाषांतर न वाचता चढवू नका. गूगल ट्रान्सलेटमध्ये कोकणी २०२२ पासून आहे, त्याचा आधार घ्या, पण घरातल्या कुणाकडून तरी ते वाचून घेतल्याशिवाय लावू नका. 'स्वच्छ टॉवेल दिले जातात'चं काय होईल सांगता येत नाही.

मराठी मजकूर वेबसाइटवर टाकला की अक्षरं विचित्र दिसतात. का?

छापखान्यातून आलेला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) नसतो म्हणून. पत्रिका, जत्रेची भित्तिपत्रकं, मेनू कार्ड हे सगळं अजून पुष्कळ ठिकाणी जुन्या फाँटमध्ये टाइप होतं. तो फाँट संगणकावर असेपर्यंत अक्षरं दिसतात, वेबसाइटवर गेली की इंग्रजी चिन्हांचा गोंधळ होतो, आणि गूगललाही तो गोंधळच वाचायला मिळतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा मोबाइलवर सरळ बोलून टाइप करा.

मेनू कार्डचा नुसता फोटो चढवणं हीसुद्धा तीच चूक आहे. फोटो असू दे, पण पदार्थांची नावं आणि दर अक्षरांतही लिहा. 'खतखतें', 'तोणाक', 'सुंगटांची उड्डमेथी' अशी नावं लिहून ठेवलीत तर ती शोधणारं माणूस तुमच्यापर्यंत येईल.

किती दिवसांत फरक दिसतो?

प्रोफाइल नीट केलं तर काही आठवड्यांत. नव्या वेबसाइटला चार महिने ते वर्ष धरा.

'पहिल्या पानावर आणून देतो, हमी' असे फोन येतात. खरं असतं का?

नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे. काही जण तुमच्याच दुकानाचं पूर्ण नाव शोधून दाखवतात आणि 'बघा, पहिले आलात' म्हणतात. नावाने तर तुम्ही आधीही पहिलेच होता.

'आम्ही गूगलमधून बोलतोय, पैसे भरले नाहीत तर तुमचं प्रोफाइल काढून टाकू' असं म्हणणारा फोन सरळ ठेवून द्या. प्रोफाइलसाठी गूगल पैसे मागत नाही. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्या वेबसाइटींवरून तुमच्या पानाकडे येणाऱ्या हजारो लिंका विकत देण्याचं आमिषही असतं. लिंका विकत घेणं गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. त्यापेक्षा गावच्या जत्रेला तुम्ही देणगी दिली असेल आणि त्या समितीची वेबसाइट असेल, व्यापारी संघटनेच्या सभासद यादीत तुमचं नाव असेल, तर तिथून आलेली एक खरी लिंक जास्त मोलाची.

वेबसाइट करून देणाऱ्याकडून काय काय ताब्यात घ्यावं?

या पानावरचं दुसरं काही नाही वाचलंत तरी चालेल, हे वाचा.

भावाच्या खोल्यांचं पहिलं प्रोफाइल मी केलेलं नव्हतं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. एका एजन्सीने त्याला वेबसाइट, प्रोफाइल, फेसबुक असं सगळं एका रकमेत करून दिलं. डोमेन (वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव) त्यांच्या नावावर, प्रोफाइल त्यांच्या जीमेलवर, आणि फोन नंबरसुद्धा 'कॉल मोजायला' म्हणून त्यांचाच. दोन वर्षांनी भावाने नूतनीकरणाची वाढीव रक्कम द्यायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी वेबसाइट बंद. त्याहून वाईट म्हणजे प्रोफाइल चालूच राहिलं आणि त्यावरचे फोन त्यांच्याकडे जात राहिले. पाहुण्यांना 'खोल्या भरल्या आहेत' असं सांगितलं जात होतं. ६० च्या वर चांगले अभिप्राय त्या प्रोफाइलवर होते, लोकांनी मनापासून लिहिलेले, त्यात भावाच्या बायकोच्या हातच्या शिरवळ्यांचं कौतुक होतं. ते परत मिळवायला आम्हाला चार महिने लागले. डोमेन कधीच मिळालं नाही.

म्हणून पहिला हप्ता देण्याआधी लिहून घ्या: डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर. वर्षाचा खर्च काही शेकड्यांपासून हजार-दीड हजार रुपयांपर्यंत असतो, तो स्वतः भरा. प्रोफाइलचे मुख्य मालक तुम्ही, करून देणारा फक्त व्यवस्थापक. सर्च कन्सोल, अ‍ॅनालिटिक्स (वेबसाइटवर किती लोक आले ते मोजणारं गूगलचं साधन) आणि जाहिरातीचं खातं यांचंही तसंच. नंबर तुमचाच. सगळे पासवर्ड एका वहीत लिहून कपाटात ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाला ती वही कुठे आहे ते सांगून ठेवा.

प्रोफाइल आधीच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर नकाशावर ते उघडून 'या व्यवसायाची मालकी सांगा' हा पर्याय दाबा आणि मालकी मागा. समोरच्याने मुदतीत उत्तर दिलं नाही तर बहुतेक वेळा फलक, परवाना, वीजबिल दाखवून ताबा मिळवता येतो. नवं प्रोफाइल उघडण्याची घाई करू नका. एकाच जागेची दोन प्रोफाइल झाली की गुंता वाढतो.

लोकांकडून अभिप्राय कसे मागावेत? वाईट अभिप्राय काढता येतो का?

मागा, संकोच करू नका. पाहुणा निघताना, हिशेब झाल्यावर, तोंडाने सांगा आणि क्यूआर कोड दाखवा. मात्र अभिप्रायाच्या बदल्यात सवलत, सरबत, काजूची पुडी असं काही देऊ नका, ते नियमाविरुद्ध आहे. फक्त खूश दिसणाऱ्यांनाच निवडून विचारणंही चालत नाही. नातेवाइकांकडून एका संध्याकाळी वीस अभिप्राय लिहून घेतले तर ते गायब होतात, कधीकधी खरे अभिप्रायही सोबत घेऊन जातात.

वाईट अभिप्राय खोटा, शिवीगाळीचा किंवा भलत्याच दुकानाचा असेल तर गूगलकडे तक्रार करता येते. खरा असेल तर उत्तर द्या. ते उत्तर लिहिणाऱ्यासाठी नसतं, पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असतं. एका खानावळवाल्या काकांनी 'मासे शिळे होते' या अभिप्रायाखाली लिहिलं: 'त्या आठवड्यात मासेमारी बंद होती, त्यामुळे बर्फातले मासे होते. ते आम्ही आधी सांगायला हवं होतं. आता पाटीवर लिहितो.' आणि त्यांनी खरंच पाटीवर लिहायला सुरुवात केली. मला स्वतःला तो अभिप्राय वाचून तिथे जेवावंसं वाटलं.

मोसम संपला की जाहिरात बंद करावी का?

पैशांची जाहिरात कमी करा, पान बंद करू नका. ऑक्टोबरच्या गर्दीसाठी लागणारं पान जुलै-ऑगस्टमध्ये तयार असायला हवं, कारण गूगलला ते ओळखायला वेळ लागतो आणि लोक तिकिटंही आधी काढतात. पाऊस हा आपल्याकडे स्वतंत्र मोसम झाला आहे. धबधबे, सांजावची (सेंट जॉनच्या सणाची) २४ जून, हिरवी कुळागरं, या सगळ्यासाठी येणारा माणूस वेगळा आहे. त्याला रस्ता पाण्याखाली जातो का, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, हे सांगा.

चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, विशेष लक्षात ठेवा. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं) सामान, नेवऱ्या, चित्रं, मखरं विकणाऱ्यांचा सगळा धंदा दोन-तीन आठवड्यांत होतो. दर वर्षी नवीन पान करू नका. पानाचा वेबवरचा एकच पत्ता ठेवा आणि त्यावरची तारीख, दर, फोटो बदला. जुन्या पानाची पत वाढत जाते. आणि चवथीला दुकान पाच-सात दिवस बंद असेल तर प्रोफाइलवर 'विशेष वेळा' भरा. 'उघडं आहे' असं वाचून काणकोणहून म्हापशाला आलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

मोपचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तरी कितीतरी पानांवर अजून 'विमानतळापासून इतके किलोमीटर' एवढंच आहे. कुठल्या? दाबोळी आणि मोप, दोन्ही अंतरं लिहा.

गूगलच्या पैसे भरून करायच्या जाहिराती परवडतात का?

वहीत हिशेब मांडा. समजा एका क्लिकला १५ रुपये पडतात. १०० जण आले, १,५०० रुपये गेले, वर १८ टक्के जीएसटी. शंभरातले पाच जण फोन करतात, एक जण दोन रात्रींची खोली घेतो, ४,००० रुपये. धुणं, वीज, नाश्ता वजा जाता तुमच्या हातात २,००० राहिले तर जाहिरात कशीबशी सुटली. आकडे तुमचे घाला, पण घाला.

गोव्यात आणखी एक खड्डा आहे. जाहिरात लावताना ठिकाण म्हणून 'गोवा' निवडलं की मूळ सेटिंग गोव्यात असलेल्या लोकांसोबत गोव्यात रस असलेल्या लोकांनाही ती दाखवतं. हॉटेलला ते हवंच असतं. पण मडगावच्या एका एसी दुरुस्तीवाल्याचे पैसे सहलीची आखणी करणाऱ्या दिल्लीकरांवर खर्च होत होते. त्याच्यासाठी 'या ठिकाणी असलेले लोक' हा पर्याय निवडला आणि पैसे योग्य जागी जाऊ लागले. मद्य आणि जुगाराच्या जाहिरातींना गूगल आणि मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) दोघांचेही वेगळे, कडक नियम आहेत. फेणीवाल्यांनी ते आधी वाचावेत.

इन्स्टाग्राम आहे, मग वेबसाइट कशाला?

इन्स्टाग्रामवर लोक तुम्हाला बघतात. गूगलवर लोक तुम्हाला शोधत येतात, खिशात पैसे घेऊन. दोन्ही चालू ठेवा, पण दर, पत्ता, नियम कुठेतरी कायमचे लिहिलेले हवेत. इन्फ्लुएन्सरला फुकट राहायला देऊन व्हिडिओ करून घेतलात तर ती जाहिरात आहे असं त्याने स्पष्ट लिहिलं पाहिजे; २०२१ पासून तशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

बुकिंगच्या मोठ्या साइट सोडून द्याव्यात का?

एकदम नको. त्यांचं कमिशन साधारण १५ टक्क्यांपासून पुढे असतं, पण नवीन पाहुणा त्या आणून देतात. तोच पाहुणा दुसऱ्यांदा येताना थेट तुम्हाला फोन करेल अशी व्यवस्था करा. पर्यटन खात्याकडची नोंदणी गोव्यात १९८२ च्या कायद्याने आवश्यक आहे. तो नोंदणी क्रमांक वेबसाइटवर ठळक लावा. खोट्या व्हिलांच्या नावाने आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार झाल्यापासून पाहुणे तो बघतात.

खाजे, पापड, लोणची ऑनलाइन विकतो. काही वेगळं करावं लागतं का?

एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची) नोंदणी घ्या आणि तो १४ अंकी क्रमांक पानावर लावा. पुडीचं वजन, कधी बनवलं, किती दिवस टिकतं, कुठे पाठवता आणि टपालखर्च किती, हे वस्तूच्या पानावरच लिहा. फोटो मोबाइलवर काढलेले चालतात, पण तसेच चढवू नका; पाच एमबीचा फोटो दोनशे केबीपर्यंत आणा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी गूगलची अपेक्षा असते, आणि सत्तरी तालुक्यात रेंज कशी असते ते तुम्हाला माहीत आहे.

एआयमुळे हे सगळं बाद होणार का?

भारतात ऑगस्ट २०२४ पासून गूगल काही शोधांवर सगळ्यात वर एआयने तयार केलेलं उत्तर दाखवतं. सामान्य माहितीच्या पानांवर येणारे लोक त्यामुळे कमी झाले, हे मी माझ्या कामात बघते आहे. 'गोव्यात बघण्यासारखी दहा ठिकाणं' असं पान आता लिहू नका. पण 'तुमच्याकडे उद्या खोली आहे का, आजीला जिना नको' याचं उत्तर फक्त तुमच्याकडे असतं. त्यासाठी वेगळी युक्ती लागत नाही. एआयकडून शंभर पानं लिहून घेऊन चढवणं मात्र टाळा. अशा घाऊक मजकुराविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केले आहेत.

पानात 'मेटा कीवर्ड' भरायचे का? आणि प्रश्नोत्तरांचं पान केलं की ते प्रश्न गूगलवर दिसतात ना?

मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लपवून लिहायचे शोधाचे शब्द) गूगल वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलं आहे. प्रश्नोत्तरांची खास मांडणी ऑगस्ट २०२३ पासून मुख्यतः सरकारी आणि आरोग्याच्या नावाजलेल्या साइटांपुरतीच ठेवली गेली. तरी पान करा, गिऱ्हाइकाला ते उपयोगी पडतं.

काम होतंय की नाही, हे कसं ओळखायचं?

प्रोफाइलमध्ये दर महिन्याला किती जणांनी फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला, किती जण वेबसाइटवर गेले, हे दिसतं. शोधात तुम्ही कितवे येता तो क्रमांक रोज बघत बसू नका. तो फोंड्यात एक आणि पणजीत दुसरा दिसतो.

गल्ल्यापाशी एक दोनशे पानी वही ठेवा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा, 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' गूगल, इन्स्टाग्राम, शेजारी, रस्त्यावरचा फलक, जे सांगतील ते लिहा, आणि फोनवर त्यांनी विचारलेला पहिला प्रश्नही लिहा. तीन महिन्यांनी ती वही घेऊन माझ्याकडे या, किंवा जो कुणी तुमचं काम करत असेल त्याच्याकडे जा. पुढचं पान कुठलं करायचं ते त्या वहीतूनच ठरवायचं.